आयल्ट्सची चौदा मिनिटे: बोलण्याच्या परीक्षेत नेमके काय मोजले जाते

सांगलीच्या पंचविशीतल्या एका नर्सने आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावासाठी म्हणून मला आपल्या बोलण्याचे रेकॉर्डिंग पाठवले होते. प्रश्न अगदी साधा होता: तुमचे गाव तुम्हाला आवडते का? त्यावर तिने कृष्णाकाठचे गणपती मंदिर, हळदीची बाजारपेठ, नाट्यपंढरी म्हणून असलेला लौकिक असे सगळे एका दमात, कुठेही न अडखळता सांगून टाकले. मग मी पुढचा प्रश्न पाठवला: गावातली एखादी गोष्ट बदलता आली, तर काय बदलाल? या वेळी रेकॉर्डिंगमध्ये आधी बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज होता आणि मग शब्द आले, "मीन्स... ट्रॅफिक... देअर इज ट्रॅफिक प्रॉब्लेम इज देअर." पहिले उत्तर पाठ केलेले होते, दुसरे तिचे स्वतःचे होते, आणि परीक्षक मोजतो ते दुसरे.

तिला हवा होता ७ बँड, म्हणजे ९ पैकी ७ ही पातळी. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करताना आयल्ट्सचा मार्ग धरला, तर वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्हींत किमान ७ आणि लेखनात ६.५ लागतात. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्री या स्थलांतराच्या योजनेत ज्या सीएलबी (भाषेची पातळी मोजण्याची कॅनडाची मोजपट्टी) ९ पातळीसाठी अनेक जण धडपडतात, तिथेही बोलण्याचा आकडा ७ हाच आहे. त्यामुळे ६.५ आणि ७ यांच्यातल्या अर्ध्या बँडवर कुणाची नोकरी अडलेली असते, तर कुणाचा व्हिसा, आणि या अर्ध्या बँडच्या जोरावर महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतसुद्धा शिकवणी वर्ग चालतात. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी नमुना उत्तरांची झेरॉक्स वाटली जाते आणि ती पाठ करून घेतली जाते. माझ्या मते तयारीची ही सर्वांत वाईट पद्धत आहे. मात्र असे का म्हणायचे हे समजायला आधी परीक्षेची रचना आणि गुण देण्याची रीत नीट पाहावी लागते.

आयल्ट्स ही परीक्षा या नावाने १९८९ पासून घेतली जाते. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्थांची ती संयुक्त परीक्षा असून भारतात तिचे आयोजन सध्या आयडीपीकडे आहे. शिक्षणासाठीची अकॅडेमिक आणि नोकरी किंवा स्थलांतरासाठीची जनरल ट्रेनिंग असे तिचे दोन प्रकार असले, तरी बोलण्याची परीक्षा दोन्हींत एकच असते. ती ११ ते १४ मिनिटे चालते आणि समोर खराखुरा माणूस असतो. काही केंद्रांवर तो व्हिडिओ कॉलवर असतो, पण असतो माणूसच. पीटीई किंवा टोफेल या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षांत मायक्रोफोनशी बोलावे लागते. त्यांची तयारी थोडी वेगळी असल्यामुळे त्या इथे बाजूला ठेवू.

तीन भागांची सध्याची रचना २००१ पासून आहे. पहिल्या भागात चार-पाच मिनिटे घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर छोटे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड हाती दिले जाते, विचार करायला एक मिनिट मिळते आणि मग त्या विषयावर एकट्याने एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून, पण आता स्वतःच्या आयुष्याबाहेर पडून, समाजाविषयीचे व्यापक प्रश्न विचारले जातात आणि चार-पाच मिनिटे चर्चा होते. पहिल्या भागात परीक्षक ठरलेल्या संहितेप्रमाणे प्रश्न वाचतो, म्हणून तो रुक्ष वाटतो; तिसऱ्या भागात त्याला मोकळीक असते आणि तो तुमच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढतो. पाठांतराची झेरॉक्स पहिल्या भागात कशीबशी तग धरते. तिसऱ्यात ती हमखास उघडी पडते.

गुण चार निकषांवर दिले जातात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकता, आणि उच्चार. प्रत्येकाला ० ते ९ पैकी बँड मिळतो, चारही निकषांना सारखेच वजन असते आणि त्यांची सरासरी म्हणजे बोलण्याचा बँड. समजा ओघात ७, शब्दांत ६, व्याकरणात ६ आणि उच्चारात ७ मिळाले, तर बेरीज २६ आणि सरासरी ६.५. हा हिशेब एकदा कागदावर मांडला, की आपण उगाच कुठे घाम गाळत आहोत ते दिसते. आधीच भराभर बोलणारा माणूस आणखी भराभर बोलण्याचा सराव करत बसला, तर त्याला ज्या दोन ठिकाणी गुण हवे आहेत तिथे काहीच हलत नाही.

या चार निकषांत काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. ज्ञान त्यात नाही, मताचा खरेखोटेपणा नाही, विषयाची खोली नाही. हवामान बदलावर तुमचे मत चुकीचे असले तरी गुण जात नाहीत, आणि ते अभ्यासपूर्ण असले म्हणून वाढतही नाहीत. कार्डावर तुमच्या आवडत्या संग्रहालयाविषयी विचारले आणि तुम्ही आयुष्यात कधी संग्रहालयात गेला नसाल, तर खुशाल कल्पनेने सांगावे. कुणी तिकीट मागत नाही. फक्त कल्पनेतली गोष्ट रचताना डोके दोन कामांत गुंतते, प्रसंग जुळवणे आणि इंग्रजी जुळवणे, आणि त्याचा फटका ओघाला बसतो. म्हणून शक्यतो घडलेली गोष्टच सांगावी, हा सल्ला नीतीचा नसून सोयीचा आहे.

ओघ म्हणजे वेग, असा एक समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात परीक्षक पाहतो तो थांबा कशासाठी घेतला हे. आपण बोलताना दोन कारणांनी थांबतो: काय सांगावे हे सुचत नाही म्हणून, किंवा सुचले आहे पण इंग्रजीत कसे सांगावे हे सापडत नाही म्हणून. पहिला थांबा मातृभाषेतही येतो आणि वरच्या बँडलाही तो चालतो. दुसरा थांबा वरचेवर आला, की बँड खाली येतो. ७ बँडच्या वर्णनातसुद्धा असे थांबे अधूनमधून येऊ शकतात हे गृहीत धरलेले आहे. मात्र ६ च्या पातळीवर पुनरुक्ती, मागे जाऊन केलेली दुरुस्ती आणि अडखळणे यांमुळे बोलण्याची सुसंगती मध्येमध्ये तुटते.

मराठी माणसाच्या बाबतीत हा दुसरा थांबा कुठून येतो, याचे मला सापडलेले उत्तर आपल्या वाक्यरचनेत आहे. "मी काल मैत्रिणीबरोबर मंडईत भाजी आणायला गेले होते" या वाक्यात क्रियापद सर्वांत शेवटी येते. तोपर्यंत काल, मैत्रीण, मंडई, भाजी हे सगळे सामान आपण हातात धरून चालत असतो. इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच क्रियापद लागते. मनात मराठी वाक्य तयार करून मग ते उलटवायचे म्हटले, तर शेवटचा शब्द उचलून पुढे आणावा लागतो आणि नेमके तिथेच, म्हणजे "आय" म्हटल्यानंतर, आपला गाडा रुततो. यावरचा उपाय अगदी यांत्रिक आहे. आधी दोन शब्दांत वाक्य उभे करावे, "आय वेंट", आणि मग एकेक डबा जोडत जावे: "टू द मार्केट", "यस्टरडे", "विथ अ फ्रेंड", "टू बाय सम व्हेजिटेबल्स". दररोज पाच मिनिटे, मोठ्याने, दिवसभरात केलेल्या गोष्टी केवळ या पद्धतीने सांगत गेले, तर दोन-तीन आठवड्यांत "आय"नंतरचा खड्डा बराच बुजतो.

त्या खड्ड्यात आपण जे शब्द टाकतो, तेही ऐकण्यासारखे असतात. मराठीत विचार करताना आपण "म्हणजे" म्हणतो आणि इंग्रजीत त्याचे "मीन्स" होते. "मीन्स, आय लाइक कुकिंग." इंग्रजी कानाला हे वाक्य डोके नसलेले वाटते, कारण "मीन्स" कशाचा अर्थ सांगतो आहे तेच कळत नाही. त्याजागी "आय मीन" किंवा "वेल" म्हणता येते, आणि खरे तर काही न म्हणता क्षणभर गप्प राहिले तरी चालते. अशीच गत "ओन्ली"ची. मराठीतला "च" आपल्याला इतका प्रिय आहे, की "मी पुण्यातच राहतो" याचे "आय लिव्ह इन पुणे ओन्ली" होऊन जाते. "अँड ऑल", "स्मॉल स्मॉल थिंग्ज", "लाइक दॅट" हीसुद्धा त्याच घरची मंडळी. घरात ती चालतात, परीक्षेत ती पुन्हा पुन्हा आली की शब्दसंपत्ती तोकडी वाटते.

आता दुसऱ्या भागाकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरी भीती तिथेच आहे. समजा कार्डावर आले: वडीलधाऱ्या व्यक्तीकडून शिकलेल्या एखाद्या कौशल्याविषयी सांगा, ते कोणते, कुणी शिकवले, कसे शिकवले, आणि त्याविषयी तुम्हाला काय वाटते. त्या नर्सला मी हाच विषय दिला. पहिल्यांदा तिने कॉम्प्युटर निवडला, कारण तो इंग्रजीला शोभेल असे तिला वाटले. चाळीस सेकंदांत विषय संपला. मग मी विचारले, घरी कुणाकडून काय शिकलीस? ती म्हणाली, आत्याकडून भाकरी. तीच कर, म्हटले.

एका मिनिटात कागदावर पूर्ण वाक्ये लिहायला जाणारे उमेदवार दोन वाक्यांवरच अडकतात. तिने आठ खुणा लिहिल्या: आत्या, मे महिना, मिरज, गरम पाणी, तडे, मनगट, पहिली फुगली, आता हॉस्टेल. एवढेच. पण या आठ खुणांमध्ये एक गोष्ट आहे, तिला सुरुवात आहे, अडचण आहे आणि शेवट आहे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक खुणेतून वेगळ्या प्रकारचे व्याकरण आपोआप बाहेर येते. मे महिन्याची सुट्टी सांगताना भूतकाळ लागतो. भाकरी करण्याची कृती सांगताना साधा वर्तमानकाळ लागतो, कारण ती कृती नेहमीचीच आहे. तड्यांशी आल्यावर जर-तर येते: ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी पुरेसे गरम नसेल तर कडा फाटतात, "इफ द वॉटर इजन्ट हॉट इनफ, द एजेस क्रॅक". मनगटाच्या खुणेवर तिला एक अवघड वाक्य सहज सापडले, "इफ माय आन्ट हॅडन्ट हेल्ड माय रिस्ट्स दॅट डे, आय वुड प्रॉबब्ली हॅव गिव्हन अप". आणि हॉस्टेलपाशी येऊन आजच्या सवयी सांगता आल्या. व्याकरणाची विविधता म्हणतात ती हीच. अवघड वाक्ये वेगळी पाठ करून मध्येच खोचण्यापेक्षा, ज्या गोष्टीला ती लागतातच अशी गोष्ट निवडणे कितीतरी सोपे आहे.

शब्दांचेही तसेच झाले. परात, तवा, उलथणे, पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर पाण्याचा हात फिरवणे, यांतल्या कशालाच तिच्याजवळ तयार इंग्रजी शब्द नव्हता. तिने आधी हाय खाल्ली. पण शब्द नसताना वळसा घालून वस्तू समजावता येणे हे शब्दसंपत्तीच्या निकषात नाव घेऊन नमूद केलेले कौशल्य आहे. परात म्हणजे "अ वाइड स्टील प्लेट विथ अ रेज्ड रिम", भाकरी म्हणजे "अ फ्लॅट ब्रेड मेड फ्रॉम सॉर्गम, विच यू पॅट आउट बाय हँड". मराठी शब्द एकदा उच्चारून लगेच त्याचा अर्थ सांगितला, तर परीक्षकाला काहीही खटकत नाही. उलट गव्हाच्या पोळीला "ब्रेड" म्हणून वेळ मारून नेणाऱ्यापेक्षा हा उमेदवार भाषेवर पकड असलेला वाटतो.

शब्दसंपत्तीबद्दल आणखी एक गोष्ट भाकरीच्या निमित्तानेच सांगून टाकतो. आपण पोळी लाटतो, भाकरी थापतो, भात लावतो आणि फोडणी देतो. कुणी "मी भाकरी लाटली" म्हणाले, तर अर्थ कळतो. पण बोलणारा स्वयंपाकघरात नवखा आहे हेही कळते. इंग्रजीत शब्दांच्या अशाच जोड्या असतात आणि वरच्या बँडला परीक्षक त्या ऐकत असतो. पाऊस "हेवी" असतो, "स्ट्राँग" नसतो. निर्णय "मेक" करतात, "डू" करत नाहीत. आणि परीक्षा आपण देतो, पण ब्रिटिश इंग्रजीत ती "टेक" करतात किंवा "सिट" करतात, म्हणून "आय गेव्ह द एक्झाम" हे मराठीतून आलेले आहे हे लगेच ओळखू येते. शंका विचारायची असली की "डाउट" म्हणणे हेही तसेच. अवघड सुट्या शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी वहीत जोड्या लिहाव्यात, एका पानावर एकाच विषयाच्या. म्हणी आणि वाक्प्रचार यांच्याविषयी मी थोडा कडक आहे. पावसाला "रेनिंग कॅट्स अँड डॉग्स" म्हणणारा उमेदवार आजही भेटतो. आजच्या इंग्रजीत तसे क्वचितच कुणी म्हणते, आणि त्या एका वाक्यावरून त्याने पाठांतर केले आहे हे समोरच्याला समजते.

व्याकरणात मराठी माणसाच्या काही ठरलेल्या जागा आहेत. मराठीत "अ", "द" यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती सुटतात किंवा नको तिथे लागतात. या चुका कमी होतात, पूर्ण जात नाहीत, आणि ७ बँडसाठी पूर्ण जाण्याची गरजही नसते, कारण तिथे वारंवार बिनचूक वाक्ये येणे अपेक्षित असते, प्रत्येक वाक्य बिनचूक असणे नव्हे. त्यापेक्षा "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" आणि "आय ॲम नोइंग हिम" ही सवय आधी मोडावी. "दोन वर्षांपासून" याचे "सिन्स टू इयर्स" होते, तिथे "फॉर टू इयर्स" हवे. "डिस्कस"नंतर "अबाउट" नको. आणि गोष्ट भूतकाळात सुरू करून चौथ्या वाक्यात वर्तमानात घसरणे ही सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक आहे. आपण मराठीत गोष्ट रंगवताना "मग तो येतो, मला म्हणतो" असे सर्रास करतो, त्याचीच ती सावली असावी.

उच्चारांबद्दल पहिली गोष्ट ही, की गोऱ्या माणसासारखे बोलण्याला एकही गुण नाही. मराठी वळणाचे इंग्रजी चालते. ८ बँडच्या वर्णनातसुद्धा मातृभाषेचा हेल गृहीत धरलेला आहे, अट एवढीच की त्यामुळे समजायला अडचण येऊ नये. अडचण येते ती आघातामुळे. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखे वजन देतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची मिटून जातात. "फोटोग्राफ"मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, "फोटोग्राफी"त तो दुसऱ्यावर जातो आणि शब्द "फटॉग्रफी"सारखा ऐकू येतो, "फोटोग्राफिक"मध्ये तिसऱ्यावर. "हॉटेल" आणि "डेव्हलप" या दोन्हींत जोर दुसऱ्या अक्षरावर आहे. "कम्फर्टेबल"ची चार अक्षरे आपण प्रामाणिकपणे उच्चारतो, ऐकणाऱ्याला मात्र "कम्फ्टबल" एवढेच ओळखीचे असते. शब्दकोशाच्या कुठल्याही चांगल्या ॲपमध्ये जोराची खूण आणि आवाज दोन्ही मिळतात. नवा शब्द वहीत लिहितानाच जोराच्या अक्षराखाली रेघ मारावी.

सुट्या ध्वनींपैकी तीन पुरे आहेत. "व्हेस्ट" आणि "वेस्ट" हा फरक आपली लिपी पाळते, जीभ पाळत नाही: पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, दुसऱ्यात ओठांचा चंबू झाला पाहिजे आणि दात दूर राहिले पाहिजेत. लेखणीचा "पेन" आणि वेदनेचा "पेन" आपण एकाच तऱ्हेने लिहितो आणि तसेच उच्चारतो. इंग्रजीत पहिला आखूड असतो आणि दुसऱ्याच्या शेवटी पुसटसा "इ" लागतो. प्राणिसंग्रहालयाच्या "झू"मध्ये "झाड"मधला झ नसतो. तो "जागा"मधल्या ज च्या जवळचा आहे, फक्त जीभ टाळूकडे टेकवायची नाही.

तिसऱ्या भागात भाकरीवरून विषय निघाला, तर प्रश्न असे येतील: शाळेत स्वयंपाक शिकवावा का? तरुण पिढी पारंपरिक कौशल्ये का सोडते आहे? इथे आपल्याकडच्या उमेदवारांचे दोन हात तोकडे पडतात. एक तर ते एका वाक्यात उत्तर देऊन थांबतात, कारण शाळेपासून आपल्याला विचारले तेवढेच सांगायची सवय लावलेली असते. दुसरे म्हणजे ते पुन्हा स्वतःच्या गोष्टीत शिरतात, "माय आन्ट" तिथेही हजर होते, आणि परीक्षकाला हवे असलेले सामान्य विधान येतच नाही. नर्सबरोबर मी केलेला सराव असा होता: तिने मत सांगायचे आणि मी "का?" किंवा तसाच एखादा प्रश्न विचारायचा, लागोपाठ तीनदा. शाळेत स्वयंपाक शिकवावा. का? कारण मुले घरापासून दूर राहायला जातात. म्हणून काय झाले? बाहेरचे खाऊन पैसा आणि तब्येत दोन्ही जातात. मुलींना घरी शिकवतातच की? हो, पण मुलांना नाही, आणि शाळेत शिकवले तर तो फरक कमी होईल. या तीन प्रश्नांत ती एका वाक्यावरून पाऊण मिनिटावर आली, आणि शेवटचा मुद्दा, जो सर्वांत चांगला होता, तो तिसऱ्या प्रश्नाशिवाय निघालाच नसता. हा सराव मैत्रिणीबरोबर, भावाबरोबर, अगदी इंग्रजी न येणाऱ्या आईबरोबरही होतो, आईने मराठीत "का गं?" विचारले तरी काम भागते.

रोजच्या सरावाचे म्हणाल, तर फोनचे रेकॉर्डर हे एकच साधन मी आवश्यक मानतो. दोन मिनिटे बोलावे, मग त्यातले एक मिनिट जसेच्या तसे, अडखळण्यासकट, कागदावर उतरवावे. पहिल्यांदा हे करताना माणूस शरमतो. आपण "मीन्स" किती वेळा म्हणतो, कुठल्या वाक्याचे क्रियापदच गायब आहे, हे ऐकताना निसटते पण लिहिताना सुटत नाही. त्यातल्या सगळ्या चुका सुधारायला घेऊ नयेत. एक निवडावी आणि तेच बोलणे पुन्हा रेकॉर्ड करावे. भाषा शिकवणाऱ्यांमध्ये ४-३-२ नावाची एक जुनी पद्धत आहे: तीच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग दुसऱ्या श्रोत्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. आशय तोच राहिल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी डोके फक्त भाषेकडे लक्ष देते आणि थांबे आपोआप गळतात. हे पाठांतर नव्हे, कारण वाक्ये दरवेळी नवी होतात.

परीक्षेची बोलण्याची वेळ बाकीच्या भागांच्याच दिवशी असते किंवा सात दिवस आधी-नंतरही येऊ शकते, म्हणून तारीख नीट पाहून घ्यावी. भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि रेकॉर्डर असतो. परीक्षक पूर्ण नाव विचारतो, आणि तिथे "मायसेल्फ अमुक तमुक" असे न म्हणता "माय नेम इज" म्हणावे. प्रश्न ऐकू आला नाही तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" म्हणण्याला गुण कापले जात नाहीत. दुसऱ्या भागात कार्ड बदलून मिळत नाही. दोन मिनिटे झाली की परीक्षक वाक्याच्या मध्येच थांबवतो, ते वेळेचे बंधन असते, नाराजी नव्हे. त्याचा चेहरा वाचायला जाऊ नये. मान डोलावण्याचे आणि "व्हेरी गुड" म्हणण्याचे काम त्याचे नाही.

निकालाचा बँड फारच अनपेक्षित वाटला, तर परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि तेव्हा दुसरा परीक्षक तेच रेकॉर्डिंग ऐकून नव्याने गुण देतो. संगणकावर परीक्षा दिलेली असेल, तर ६० दिवसांच्या आत चारपैकी एकच भाग पुन्हा देण्याचीही सोय आहे, मात्र असा निकाल प्रत्येक देश आणि प्रत्येक संस्था स्वीकारतेच असे नाही. पैसे भरण्याआधी ज्या विद्यापीठाला किंवा कार्यालयाला गुणपत्रिका पाठवायची आहे, त्याचा नियम त्याच्याच संकेतस्थळावर वाचून घ्यावा. गुण दोन वर्षे ग्राह्य धरले जातात.